कच्च्या मालावर अठरा, पक्क्या मालावर पाच

दक्षिणेच्या महसुली इतिहासात ज्या थोड्या पुरुषांची नावे आजही आदराने घेतली जातात त्यांत मलिक अंबराचे स्थान अग्रभागी आहे; आणि १६१० च्या सुमारास त्याने वसवलेले खडकी हेच पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले असल्यामुळे, या शहरातील कारखानदारीच्या कराविषयी लिहिताना त्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मक्त्याने वसुली देण्याची रीत मोडून प्रत्यक्ष पिकाचा अजमास घ्यावा आणि त्या मानाने सारा बसवावा, असे त्याच्या व्यवस्थेचे मर्म इतिहासकार सांगतात. रयतेच्या पदरात खरोखर जेवढे पडले असेल त्याच प्रमाणात सरकारने हात घालावा, हा विचार शेतसाऱ्यापुरता इतका जुना असला, तरी व्यापारउदिमावरील करात तो शिरण्यास आणखी साडेतीन शतके जावी लागली. जकातीच्या नाक्यावरचा कारकून गाडीत माल कोणता व किती एवढेच पाही. त्या मालावर मागल्या मुक्कामी किती कर भरला गेला आहे याची विचारपूस करण्याचे त्याला कारण नव्हते. परिणामी सूत, कापड आणि शिवलेला अंगरखा अशा तीन अवस्थांतून जाणाऱ्या एकाच जिनसेवर तीनदा कर बसे, दुसऱ्या वेळचा कर पहिल्या वेळच्या करावरही आकारला जाई, आणि अखेरच्या गिऱ्हाइकाने दिलेल्या किमतीत मालाचा भाग किती व सरकारी देण्याचा किती, हे कोणालाच सांगता येत नसे.

या करावर कराचा उपाय फ्रान्समधील मोरिस लोरे या सनदी अधिकाऱ्याने १९५४ साली व्यवहारात आणला. प्रत्येक टप्प्यावरच्या विक्रेत्याने पूर्ण विक्रीवर कर आकारावा, परंतु खरेदीच्या वेळी स्वतः दिलेला कर त्यातून वजा करून उरलेलाच तेवढा सरकारात भरावा, म्हणजे कराचा भार त्याने मालात घातलेल्या नव्या मूल्यावरच पडेल, अशी ही योजना होती. आपल्याकडे ती तुकड्यातुकड्याने आली. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना १९५० चा हैदराबाद सामान्य विक्रीकर कायदा येथे लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मागोमाग १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. केंद्रीय उत्पादनशुल्कात १९८६ पासून ‘मॉडव्हॅट’च्या रूपाने वजावटीचे तत्त्व शिरले, राज्याच्या करात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित करामुळे ‘सेट-ऑफ’ हा शब्द मोंढ्यातल्या मुनिमांच्या तोंडी रुळला, आणि डॉ. विजय केळकर यांच्यासारख्या मराठी अर्थतज्ज्ञाने ज्या एकात्म कराचा आग्रह २००४ च्या सुमारास अहवालातून धरला होता, तो वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी देशभर अमलात आला.

खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घ्यायचा, या योजनेत एक गोष्ट गृहीत आहे, ती अशी की विक्रीवरचा कर खरेदीवरच्या करापेक्षा सामान्यतः अधिक असेल. हे गृहीतच जिथे ढासळते, म्हणजे कच्च्या मालावरचा दर मोठा आणि पक्क्या मालावरचा लहान असतो, तिथे काय घडते आणि कायदा त्यावर कोणता उपाय सांगतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

दर उलटे का होतात

चिकलठाणा किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाच्या नळ्या तयार करणारा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणावा. पॉलिथिलीनचा दाणा २५ किलोच्या गोण्यांतून येतो, हॉपरमध्ये ओतला जातो, एक्स्ट्रूडरमधून वितळून सोळा मिलिमीटर व्यासाच्या काळ्या नळीच्या रूपाने बाहेर पडतो, पाण्याच्या हौदातून थंड होत जातो आणि गुंडाळी होऊन गोदामात रचला जातो. त्या दाण्याच्या बिलावर १८ टक्के कर आहे. त्याच दाण्याची झालेली लॅटरल, म्हणजे ठिबकाची नळी, जेव्हा पैठण, गंगापूर किंवा कन्नडच्या शेतकऱ्याकडे निघते तेव्हा तिच्यावर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ५ टक्के कर आहे. त्या दिवसाआधी तो १२ टक्के होता.

ही विसंगती कोणाच्या नजरचुकीने निर्माण झाली, असा तर्क उतावळेपणाचा ठरेल. ठिबकाची नळी ही अवर्षणग्रस्त मुलखातील शेतकऱ्याची गरज आहे, तो नोंदणीकृत व्यापारी नसल्यामुळे त्याला कोणतीच वजावट मिळत नाही, म्हणून त्याच्या मालावर दर हलका ठेवावा, हे कोणत्याही राज्यकर्त्याला पटणारे आहे. परंतु ज्या दाण्याची नळी होते त्याच जातीच्या दाण्याची पिशवी होते, खेळणे होते आणि बादलीही होते. नळीवाल्याच्या सोयीसाठी दाण्याचा दर पाचावर आणला, तर त्या सवलतीचा लाभ सर्वांनाच मिळेल आणि राजकोषाला लागणारी ओहोटी शेतीच्या हितापेक्षा कितीतरी मोठी असेल. कच्चा माल अनेक वाटांनी जातो आणि पक्का माल एकाच घरी पोहोचतो, या साध्या वस्तुस्थितीतून उलट्या दरांचा जन्म होतो. आणि म्हणूनच दरांची फेररचना कितीही वेळा केली, तरी त्यांचे समूळ उच्चाटन होत नाही.

संभाजीनगरच्या उद्योगांकडे या दृष्टीने पाहिले तर हा प्रश्न एका नळीवाल्यापुरता राहत नाही. औषधनिर्मितीत या शहराचे नाव जुने आहे. बहुतेक औषधांवरचा दर त्याच सप्टेंबरात बारावरून पाचावर आला, पण ज्या मूळ रसायनांपासून गोळ्या व इंजेक्शने तयार होतात त्यांवर सामान्यतः १८ टक्के कायम आहेत. बजाज ऑटोने १९८५ साली वाळूजला कारखाना काढल्यापासून वाहनांच्या सुट्या भागांचे जे जाळे येथे विणले गेले, त्याला आता विजेच्या वाहनांकडे वळावे लागत आहे, आणि शेंद्रा–बिडकीनच्या ऑरिक नगरीत त्या वाहनांचे प्रकल्प येऊ घातले आहेत. विजेच्या वाहनावर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के कर आहे, आणि त्यात बसणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीवर १८ टक्के.

कायदा काय देतो

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम ५४ च्या पोटकलम (३) मध्ये या प्रसंगाची तजवीज आहे. खरेदीवर भरलेल्या पण न वापरलेल्या कर-जमेचा रोख परतावा सरसकट कोणालाही मिळत नाही. तो दोनच प्रसंगी मिळतो. एक, कर न भरता निर्यात अथवा तत्सम शून्य-दराचा पुरवठा केला असेल तेव्हा. आणि दुसरा, ‘इनपुट’वरील कराचा दर विक्रीवरील दरापेक्षा अधिक असल्यामुळे जमा साठत गेली असेल तेव्हा. या दुसऱ्या प्रसंगालाही अपवादांचे कुंपण आहे. देशातली विक्री पूर्णपणे करमुक्त अथवा ‘निल’ दराची असेल तर परतावा नाही. आणि सरकारने अधिसूचनेने वगळलेल्या जिनसांनाही नाही.

या कुंपणाबाहेर कोण राहते, हे मराठवाड्यातच पाहावयास मिळते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि बियाण्यांचे शहर म्हणून जालना ओळखले जाऊ लागले. परंतु पेरणीचे बियाणे करमुक्त असल्यामुळे त्याच्या पिशव्यांवर व प्रक्रियेच्या रसायनांवर दिलेला कर वजावटीलाही येत नाही आणि परतही मिळत नाही, तो मुकाट्याने बियाण्याच्या खर्चात मिसळतो. वाळूज परिसरातल्या बिअरच्या कारखान्यांची अवस्था आणखी निराळी. मानवी सेवनाचे मद्य संविधानानेच या कराबाहेर ठेवलेले असल्यामुळे, बाटलीवर दिलेला वस्तू व सेवा कर वळता करून घेण्यास त्यांच्याकडे समोरची बाजूच नाही. यावरून एक चमत्कारिक सत्य ध्यानात येते, ते असे की पूर्ण करमाफी ही उत्पादकाच्या दृष्टीने अल्प दरापेक्षा जाचक ठरू शकते. पाच टक्के आकारणारा परताव्याच्या दारात उभा राहू शकतो. शून्य आकारणाऱ्याला ते दार बंद आहे.

अधिसूचनेने वगळलेल्यांच्या यादीत प्रारंभी विणलेली कापडे होती, आणि त्यांत पैठणी ज्या वर्गात मोडते ते रेशमी कापडही आले होते. यंत्रमागधारकांच्या तक्रारी वाढल्यानंतर १ ऑगस्ट २०१८ पासून कापडाला परतावा खुला झाला. उलटपक्षी खाद्यतेल व कोळसा यांचा परतावा १८ जुलै २०२२ पासून बंद करण्यात आला. म्हणजे ही यादी स्थिर नाही. ज्याला दावा करावयाचा आहे त्याने आपली जिन्नस त्या महिन्यात यादीच्या आत होती की बाहेर, हे प्रथम पाहून घ्यावे.

सूत्र, आकड्यांसह

परताव्याची कमाल रक्कम नियम ८९(५) मधील सूत्राने ठरते. सूत्र भयप्रद दिसते, पण त्याचा आशय तीन वाक्यांत सांगता येतो. मालाच्या खरेदीवर घेतलेल्या एकूण कर-जमेपैकी, उलट्या दराच्या विक्रीच्या वाट्याला उलाढालीच्या प्रमाणात किती येते, ते प्रथम काढावे. त्या विक्रीवर देय असलेल्या कराचा जेवढा हिस्सा मालावरच्या जमेतून फिटला असे मानता येईल, तेवढा त्यातून वजा करावा. उरेल तो परतावा.

आपल्या नळीवाल्याचे एका महिन्याचे कल्पित आकडे घेऊ. त्याने ६०,००,००० रुपयांचा दाणा घेतला, त्यावर १०,८०,००० रुपये कर दिला. गाळ्याचे भाडे, मालवाहतूक, दुरुस्तीची कामे, सनदी लेखापालाचे शुल्क अशा सेवांवर १,२०,००० रुपये कर गेला. महिनाभरात त्याने १,००,००,००० रुपयांच्या नळ्या विकल्या, त्यांवर देय कर ५,००,०००. एकूण जमा १२,००,००० आणि देणे ५,००,०००, तेव्हा क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे कर-जमेच्या खात्यात, ७,००,००० रुपये पडून राहिले. हे सर्वच्या सर्व परत मिळावेत अशी त्याची अपेक्षा असणार. पण सूत्र केवळ मालावरची जमा, म्हणजे १०,८०,०००, हिशेबात धरते. मालाची जमा ही एकूण जमेच्या ९० टक्के आहे, म्हणून देय करापैकी ९० टक्के, म्हणजे ४,५०,००० रुपये, मालाच्या जमेतून फिटले असे समजायचे. १०,८०,००० वजा ४,५०,००० म्हणजे ६,३०,००० हा कमाल परतावा. सेवांवरच्या करापैकी ७०,००० रुपये लेजरमध्येच अडकले.

या हिशेबाला एक इतिहास आहे. ५ जुलै २०२२ पर्यंतच्या सूत्रात देय कर पूर्णच्या पूर्ण मालाच्या जमेतून वजा होत असे, म्हणजे हाच परतावा ५,८०,००० झाला असता आणि सेवांवरचे १,२०,००० रुपये सगळेच अडकले असते. पाच टक्क्यांच्या पादत्राणांसाठी अधिक दराचा माल व सेवा घेणाऱ्या व्हीकेसी फुटस्टेप्स या कंपनीने ही बाब गुजरात उच्च न्यायालयात नेली, आणि सेवांवरचा करही परताव्यात धरला पाहिजे असा निर्णय त्या न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. दोनच महिन्यांत मद्रास उच्च न्यायालयाने एका निराळ्या प्रकरणात नेमका उलट निर्णय दिला. अखेर १३ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या पीठाने, मद्रासचा पक्ष उचलून धरला. परतावा हा संविधानाने दिलेला हक्क नसून विधिमंडळाने दिलेला आहे, तो कोणाला व किती द्यावयाचा हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाचा, आणि वस्तू व सेवा यांत भेद करणे हे समतेच्या तत्त्वाला बाधक नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. मात्र सूत्रात सर्व देय कर मालाच्याच जमेतून भरला गेला असे जे गृहीत धरले होते, त्यातील विसंगती न्यायालयाने जाणली आणि वस्तू व सेवा कर परिषदेने तिचा पुनर्विचार करावा अशी सूचना केली. वर्षाच्या आत सूत्र बदलले. आपल्या उदाहरणातील वाढीव ५०,००० रुपये हे त्या सूचनेचे फळ आहे.

आता हाच कारखानदार नळ्यांबरोबर १८ टक्क्यांचे पीव्हीसी पाइपही विकतो असे धरू. त्या महिन्यात पाइपांची विक्री २५,००,००० रुपये, त्यांवर कर ४,५०,०००. मालावरची एकूण जमा १३,५०,००० आणि सेवांवरची १,५०,०००. सूत्र असे विचारत नाही की नळीसाठी दाणा किती वापरला गेला. ते एवढेच पाहते की १,२५,००,००० रुपयांच्या उलाढालीत नळ्यांचा हिस्सा ८० टक्के आहे, आणि १३,५०,००० च्या ८० टक्के, म्हणजे १०,८०,००० नळ्यांच्या खात्यावर टाकते. परतावा पूर्वीइतकाच, ६,३०,००० निघतो. पण या वेळी १५,००,००० च्या जमेतून ९,५०,००० चे देणे गेल्यावर लेजरमध्ये केवळ ५,५०,००० शिल्लक आहेत. आणि नियम असा आहे की सूत्राची रक्कम, त्या मुदतीच्या अखेरीची लेजरमधील शिल्लक आणि अर्ज करतेवेळची शिल्लक, या तिहींपैकी जी सर्वांत लहान असेल तेवढीच मंजूर होईल. म्हणून त्याच्या हाती ५,५०,००० पडतील. सूत्राने दिले ते लेजरने काढून घेतले, अशी तक्रार ऐकू येते ती या प्रसंगी. पण तिच्यात तथ्य नाही, कारण जी जमा पाइपांच्या करात खर्ची पडली ती पुन्हा रोखीने मागता येणार नाही हे उघड आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख येथेच केला पाहिजे. हिशेबात धरावयाचा माल म्हणजे केवळ अठरा टक्क्यांचाच, असे नाही. गोणपाट, खोके, छपाईचे लेबल असा जो जो माल वापरला त्या सर्वांवरची जमा धरावी, असे खुलासे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने केले आहेत. पण यंत्रसामग्रीवरचा कर मात्र बाहेर राहतो. बिडकीनला नवा कारखाना उभारणाऱ्याने एक्स्ट्रूडर, साचे व विद्युत संच यांवर जो कर दिला, त्याची वजावट त्याला मिळते, परतावा मिळत नाही. आणि ज्याची विक्रीच पाच टक्क्यांची आहे त्याला ती वजावट घेण्यास जागाही उरत नाही. गुंतवणूक जेवढी मोठी, तेवढी ही अडकलेली रक्कम मोठी, आणि तिला व्याज नाही.

अर्जाची वाट

अर्ज संगणकावरच करावयाचा आहे, आणि त्याचे नाव आरएफडी-०१. त्याआधी त्या महिन्याचे ‘वन’ (विक्रीचे) व ‘थ्री-बी’ (करभरण्याचे) विवरण भरलेले असले पाहिजे. दाणा विकणाऱ्याने आपले विवरण भरले नसेल, तर त्याचे बिल ‘टू-बी’त, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या जमेच्या यादीत, उतरत नाही, आणि जे बिल ‘टू-बी’त नाही ते परताव्यात नाही. म्हणून अनुभवी लेखापाल अर्जाची घाई करण्यापूर्वी पुरवठादारांना तगादा लावतात. एका मोठ्या बिलाने महिन्याचा दावा निम्म्यावर येऊ शकतो.

अर्जासोबत एका विवरणपत्रात सूत्राचा हिशेब व दुसऱ्यात खरेदी-विक्रीच्या बिलांची यादी द्यावी लागते. शिवाय प्रत्येक बिलापुढे मालाचा वर्गीकरण-क्रमांक आणि ते बिल माल, सेवा व भांडवली वस्तू यांपैकी कशाचे आहे, हे नोंदवलेली जोडयादी लागते. अधिकाऱ्याची नजर प्रथम याच रकान्यावर जाते. यंत्राचा एखादा महागडा सुटा भाग ‘माल’ म्हणून दाखवला असेल, किंवा ठेकेदाराच्या मजुरीचे बिल त्यात शिरले असेल, तर तेवढ्यावरून प्रश्न निघतो. मागितलेली रक्कम अर्ज दाखल होताच लेजरमधून वजा होते, म्हणजे दावा प्रलंबित असेपर्यंत ती करासाठीही वापरता येत नाही. दावा नाकारला गेला तर ती पुन्हा जमा करून मिळते.

मुदतीही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ज्या मुदतीचा दावा आहे तिच्या विवरणाच्या नियत तारखेपासून दोन वर्षांत अर्ज केला पाहिजे, आणि १,००० रुपयांखालील परतावा दिला जात नाही. अधिकाऱ्याने १५ दिवसांच्या आत एक तर पोच द्यावी, नाही तर त्रुटी दाखवणारा मेमो द्यावा. मेमो आला की जुना अर्ज निकालात निघून नवा करावा लागतो. दावा नाकारावयाचा असेल तर आधी नोटीस देऊन खुलाशाला १५ दिवस दिले पाहिजेत. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत अंतिम हुकूम झाला पाहिजे, आणि त्यानंतर विलंब झाल्यास सरकार दरसाल ६ टक्के व्याज देते. २६ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही हिस्से एकच अधिकारी मंजूर करतो, म्हणून सिडकोतील केंद्रीय आयुक्तालय आणि राज्याचे करभवन यांच्यात कागद घेऊन फिरण्याचा जुना द्राविडी प्राणायाम आता राहिलेला नाही. हुकुमाने असमाधान झाले तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येते.

एवढी छाननी कशासाठी, असा प्रश्न प्रामाणिक कारखानदाराच्या मनात येतो. त्याचे उत्तर अप्रिय असले तरी खरे आहे. परतावा हा करव्यवस्थेचा असा एकमेव दरवाजा आहे की ज्यातून सरकारचा पैसा बाहेर जातो; आणि मालाशिवाय कागदावर फिरणारी खोटी बिले करून याच दरवाजातून रक्कम उचलणाऱ्या टोळ्या देशाच्या अनेक भागांत पकडल्या गेल्या आहेत. संशय कुणा एकावर नसला, तरी त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते.

काळाची किंमत

३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या छपन्नाव्या बैठकीने दरांची रचना बदलली. १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपुष्टात आले, ५ व १८ हे दोन मुख्य दर राहिले आणि निवडक जिनसांसाठी ४० टक्क्यांचा दर ठरला. काही उद्योगांत याच निर्णयाने उलटे दर सरळ केले: कृत्रिम तंतू १८ वरून आणि त्याचे सूत १२ वरून ५ टक्क्यांवर आले, खतांसाठी लागणारे गंधकाम्ल व अमोनिया यांचेही तसेच झाले, आणि ट्रॅक्टरचा दर ५ झाला तेव्हा त्याच्या टायरांचा व अनेक भागांचाही दर बरोबरीने उतरला. परंतु नळीसाठी दाण्याचा व औषधासाठी मूळ रसायनाचा दर होता तसाच राहिला, आणि पक्क्या मालाचा मात्र उतरला. पूर्वी अठरा व बारा यांत सहा टक्क्यांचे अंतर होते. आता अठरा व पाच यांत तेरा टक्क्यांचे आहे.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, ते आपल्या नळीवाल्याच्या वहीत दिसते. ऑक्टोबरात त्याने दाण्याच्या बिलात कर मोजला. त्या महिन्याचे थ्री-बी २० नोव्हेंबरला भरून दुसऱ्या दिवशी अर्ज केला, आणि साठ दिवस पूर्ण लागले, तर पैसा २० जानेवारीच्या सुमारास हाती येईल. महिन्याला ६,३०,००० प्रमाणे निदान तीन महिन्यांचा परतावा, म्हणजे १८,९०,००० रुपये, त्याचे सदोदित सरकारदरबारी गुंतलेले राहतील. बँकेच्या सीसी खात्यावर दरसाल १२ टक्के व्याज धरले, तर हा विलंब त्याला वर्षाला २,२६,८०० रुपयांना पडतो. आणि सर्व काही कायद्याच्या मुदतीत झाले असल्यामुळे यातले एका पैचेही व्याज सरकारकडून येत नाही. शेतकऱ्याला दरकपात २२ सप्टेंबरपासून मिळाली. त्या कपातीचा काही अंश मात्र कारखानदार स्वतःच्या कर्जातून पुरवत आहे.

परिषदेने त्याच बैठकीत या गोष्टीची दखल घेतली, हे नमूद करणे न्याय्य होईल. निर्यातदारांना ज्याप्रमाणे दाव्याच्या ९० टक्के रक्कम तात्पुरती म्हणून आधी मिळते, त्याप्रमाणे उलट्या दराच्या दावेदारांनाही संगणकीय जोखीम-मूल्यांकनाच्या आधारे ती द्यावी असे ठरले, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ही सवलत लागू झाली. पोच मिळाल्यापासून सात दिवसांत तात्पुरती रक्कम मंजूर व्हावी असा नियम असल्यामुळे, जोखीम कमी ठरलेल्या आपल्या नळीवाल्याचा ऑक्टोबरचा दावा डिसेंबरच्या मध्याआधीच बव्हंशी फिटू शकतो. व्याजाचा भार त्यामुळे निश्चित हलका होतो. तथापि सेवा व यंत्रे यांवरच्या अडकलेल्या जमेला या सुधारणेचा स्पर्शही झालेला नाही. चीनमध्येही पूर्वी अशी जमा पुढेच ओढत न्यावी लागे. एप्रिल २०१९ पासून तेथे काही अटींवर वाढीव जमा परत देण्याची पद्धत सर्व उद्योगांसाठी सुरू झाली. युरोपीय संघाचा कायदाही वाढीव जमा एक तर परत करावी किंवा पुढील मुदतीत न्यावी असे सांगतो, आणि तेथे यंत्र, सेवा व माल यांत आपल्यासारखी भिंत घालत नाही.

परतावा हा संविधानाचा हक्क आहे की कायद्याचा, हा वाद न्यायालयात संपला आहे, आणि तो तेथे योग्य रीतीने संपला आहे असे मानण्यास हरकत नाही. राजकोषाला किती झेपेल हे पाहण्याचे काम न्यायाधीशांचे नव्हे. पण कायद्याने देणे बंधनकारक नसलेली गोष्ट अर्थशास्त्राने अनावश्यक ठरत नाही. मूल्यवर्धित कराची सारी प्रतिष्ठा, तो उत्पादकावर न बसता उपभोगावर बसतो, या एका आश्वासनावर उभी आहे. आणि जोपर्यंत विक्रीचा दर खरेदीच्या दराहून मोठा आहे तोपर्यंत ते आश्वासन वजावटीने आपोआप पाळले जाते, त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. दर उलटे झाले की तेच आश्वासन एका अर्जावर, एका अधिकाऱ्यावर आणि साठ दिवसांच्या मुदतीवर अवलंबून राहते. म्हणून सरकारने एखाद्या जिनसेचा दर उतरवला, की त्या घोषणेचे मोल ठरवताना दोन आकडे विचारावेत: नवा दर किती, आणि त्या दरामुळे साठणारी जमा किती दिवसांत व कितपत पूर्ण परत मिळते. दुसरा आकडा जोवर तीन महिने व नव्वद टक्के यांच्या आसपास घोटाळत राहील, तोवर लहान कारखानदाराच्या ताळेबंदात त्या सवलतीचा एक हिस्सा ‘येणे’ या सदराखालीच दिसत राहणार; आणि ते येणे मोठ्या कंपनीला सहज पेलते, चिकलठाण्याच्या गाळ्यातल्या माणसाला मात्र त्याच्यासाठी कर्ज काढावे लागते, हा भेद करपद्धतीने कधीच ठरवून केला नसला तरी तिच्या हिशेबातून तो रोज होत असतो.